५.१० की ५.१? पुण्यातल्या एका छोट्या कंपनीच्या सिक्युरिटी पॅचचं प्रकरण

पार्श्वभूमी

कंपनी पुण्यातली, ऑफिस कर्वे रोडला लागून एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, माणसं सगळी मिळून ३६. कंपनीचं नाव सांगत नाही, ग्राहकांचीही नाही, आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील मुद्दाम बदललेत. मी तिथे डेव्हलपर, पण छोट्या कंपनीत होतं तसंच, एकदा बिल्ड, म्हणजे ग्राहकाला द्यायची तयार फाईल, काढायचं काम अंगावर आलं ते राहिलंच, म्हणून रिलीजची सगळी भानगड माझ्याकडे.

प्रॉडक्ट म्हणजे कारखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर. स्टोअर, जॉबवर्कचं चलन, डिस्पॅच, बिलिंग, गेट एंट्री. ग्राहक १२८, भोसरी, चाकण, रांजणगाव, थोडे शिरवळकडचे, बहुतेक सगळे गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे. क्लाउड वगैरे काही नाही, प्रत्येकाचा सर्व्हर त्याच्याच जागेत, आणि सर्व्हर म्हणजे तरी काय, बऱ्याच ठिकाणी अकाउंट्सच्या टेबलाखालचा एक पीसी, ज्याच्यावर खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू पुढच्या खंडेनवमीपर्यंत तसंच असतं. आत जावा ८ ही भाषा, टॉमकॅट हा वेब सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस. यातल्या तिसेक ग्राहकांनी मालकाला मोबाईलवर स्टॉक बघता यावा म्हणून रूटरमधून पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत यायची वाट, बाहेर उघडून घेतलेला. तो आम्हीच उघडून दिलेला होता, हे पण आत्ताच सांगून टाकते.

आमच्याकडे व्हर्जन नंबर कसे पडायचे ते बघा. पहिला आकडा सेल्स ठरवायचं. "व्हर्जन ५" हे नाव एका प्रदर्शनाच्या स्टॉलवर लावायचं होतं म्हणून पडलं, आत ४.९ पेक्षा फार वेगळं काही नव्हतं. दुसरा आकडा दर दोनतीन महिन्यांनी एकने वाढायचा आणि त्यात जे तयार असेल ते सगळं जायचं, नवीन रिपोर्ट, बग फिक्स, लायब्ररी अपडेट, कुणीतरी मागितलेलं एक बटण. तिसरा आकडाच नव्हता. म्हणजे ग्राहकाने "५.८ मध्ये काय आहे?" विचारलं तर खरं उत्तर "मिसळ आहे" एवढंच.

आणि मिसळ बाधली होती. एप्रिल २०२१ पासून ५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू झालं, त्यासाठी आम्ही मार्चमध्ये ५.७ काढलं, आणि त्याच ५.७ मध्ये कुणीतरी चलनाच्या प्रिंटचा कोडही "जाता जाता" साफ केला. चाकणच्या एका ग्राहकाकडे डॉट मॅट्रिक्सवर प्री-प्रिंटेड चलनाच्या ओळी एक खाली सरकल्या, क्वांटिटीच्या चौकटीत गाडी नंबर यायला लागला, आणि गेटवर चार टेम्पो दीड तास उभे. ही गोष्ट आमच्या ग्राहकांमध्ये वाऱ्यासारखी पसरली कारण सगळ्यांचे स्टोअरवाले एकमेकांना ओळखतात. तेव्हापासून सपोर्टने फोन केला की उत्तर ठरलेलं, "चालू आहे ना, चालू द्या, अपडेट नको." दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून प्यायचे.

अडचण

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. सकाळी उठून फोन बघितला तर लॉग४जेची बातमी. जावाच्या जगात लॉग, म्हणजे प्रोग्राममध्ये काय घडलं त्याची नोंद, लिहायला ही लायब्ररी (तयार कोडचा संच) अर्धी दुनिया वापरते, आणि तिच्यात असं निघालं की लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात एक विशिष्ट ओळ असली तर लायब्ररी ती नुसती लिहीत नाही, ती ओळ सांगेल त्या बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊन कोड आणून चालवू शकते. धोक्याचे मार्क १० पैकी १०. आमच्याकडे चुकीचं लॉगिन झालं की कोणत्या युजरनेमने झालं ते लॉगमध्ये लिहायचो, म्हणजे युजरनेमच्या चौकटीत ती ओळ टाकली की काम झालं, पासवर्डही माहीत असायची गरज नाही. मी टेस्ट सर्व्हरवर करून बघितलं. दुसऱ्या मशीनवर येणारं कनेक्शन पकडणारा एक छोटा प्रोग्राम, लिसनर, लावला, लॉगिनच्या चौकटीत ती ओळ पेस्ट केली, एंटर दाबलं, आणि दुसऱ्या स्क्रीनवर कनेक्शन आल्याची ओळ उमटली. चहा हातातच राहिला.

लॉग४जेची २ नंबरची मालिका आम्ही ५.६ पासून घेतली होती. त्याआधी जुनं १.२ होतं, आणि जुन्याला हा रोग नव्हता. म्हणजे वर्षानुवर्षं अपडेट न घेणारे ४.३ वाले या वेळी वाचले, आणि आमचं ऐकून अपडेट घेणारे सापडले. ही थट्टा पुढे आम्हाला खूप ऐकावी लागली.

तर काम सोपं दिसत होतं, ५.६ च्या पुढचे ग्राहक शोधा आणि फोन लावा. सपोर्टकडे एक्सेलची शीट होती, ग्राहक, गाव, व्हर्जन, एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) तारीख. फिल्टर लावला, ५.६ किंवा त्याहून मोठं, ३८ नावं आली. मला आकडा जरा कमी वाटला होता, हे खरं आहे, पण रात्रीचे नऊ वाजले होते आणि कमी आहेत याचा आनंदच झाला.

सोमवारी सकाळी रांजणगावच्या एका ग्राहकाच्या आयटीवाल्याचा फोन आला. "मॅडम, शेजारच्या युनिटला तुमचा फोन गेला, आम्हाला का नाही? आम्ही तर लेटेस्टवर आहोत ना, ५.१०?" शीट उघडली. त्याच्या नावापुढे ५.१. त्याच्या खालच्याच्या पुढेही ५.१. अशा ३४ ओळी, सगळे आकडे सेलच्या उजव्या कडेला चिकटलेले.

एक्सेलमध्ये ५.१० टाइप करून एंटर मारलं की ते त्याला संख्या समजतं आणि शेवटचा शून्य गाळून ५.१ ठेवतं. अक्षर समजलं असतं तर डाव्या कडेला चिकटलं असतं. त्या ३४ पैकी खरोखर २०१९ च्या ५.१ वर होते ५ जण. बाकी २९ जण ५.१० वर होते, म्हणजे आमचे सगळ्यात आज्ञाधारक ग्राहक, दर वेळी अपडेट घेणारे, आणि फिल्टरने नेमके तेच गाळले कारण ५.१ हे ५.६ पेक्षा लहान. शुक्रवार ते सोमवार त्यांना कुणी एक शब्द सांगितला नाही.

मग आणखी खोदलं तेव्हा त्याचंच भावंड सापडलं. आमच्या प्रॉडक्टमध्ये "अपडेट आहे का बघा" असं बटण होतं, ते दोन नंबरांची तुलना अक्षरांसारखी करायचं. अक्षरांच्या हिशेबात १ हे ९ च्या आधी येतं, म्हणून ५.१० हे ५.९ पेक्षा जुनं. ५.९ वाले बटण दाबायचे आणि त्यांना हिरव्या अक्षरात "तुम्ही लेटेस्ट व्हर्जनवर आहात" दिसायचं. तो कोड कुणाचा, हे बघायला गेले तर माझाच निघाला, २०१७ चा, तेव्हा १० पर्यंत जाऊ असं वाटलंच नव्हतं.

त्या चार दिवसांत काय काय पर्याय होते

शुक्रवारी संध्याकाळच्या मीटिंगला चौघं होतो, सर म्हणजे मालक, सपोर्टची हेड, सेल्सचा एक जण आणि मी.

सरांचं म्हणणं, सगळ्यांना ५.११ वर आणू, तसंही जानेवारीत द्यायचंच आहे. सपोर्टची हेड म्हणाली, "सर, ५.७ नंतर माझा फोन कोण उचलतंय? आणि उचलला तरी नवीन स्क्रीन शिकवायला वेळ कुणाला आहे डिसेंबरात." बरोबरच होतं, ५.११ अर्धवट टेस्ट झालेलं आणि त्यात नवीन गेट पास होता.

दुसरा पर्याय, ५.६ पासून ५.१० पर्यंत पाच व्हर्जनांना वेगवेगळी दुरुस्ती करून पाच बिल्ड काढायचे. शास्त्रशुद्ध हेच. पण कोडच्या जुन्या शाखा नीट ठेवलेल्या नव्हत्या, ५.८ चा टॅगच, म्हणजे त्या व्हर्जनच्या कोडवरची खूण, गिटमध्ये (जिथे कोड ठेवतो तिथे) सापडेना, कुणीतरी स्वतःच्या लॅपटॉपवरून बिल्ड काढून पाठवला होता.

तिसरा पर्याय जुगाडाचा. लॉग४जेच्या जार फाईलमधून, म्हणजे लायब्ररीच्या गाठोड्यातून, ती घातक क्लास फाईलच (कोडचा तेवढा तुकडा) काढून टाकायची आणि टॉमकॅट रीस्टार्ट करायचा. हा उपाय तेव्हा जगभर सांगितला जात होता. दुसरा एक उपाय होता, फक्त एक सेटिंग चालू करायचं, आणि तो त्याहून सोपा होता. मी क्लास काढायचा पर्याय घेतला तो केवळ सेटिंग सगळ्या सर्व्हरवर कुठे कुठे लिहायचं याची खात्री नव्हती म्हणून. पुढे तीन दिवसांनी कळलं की सेटिंगचा उपाय अपुरा होता, त्यातून वाट निघत होती. यात माझी हुशारी काही नाही, नशीब.

तर हे सगळं आपोआप करणारी एक बॅच फाईल लिहिली, शनिवारी रिमोटने लावायला सुरुवात केली, एका ग्राहकाला १५ मिनिटं. भोसरी-चाकणात रविवारी काम चालू असतं, सुट्टी गुरुवारी, म्हणून आमचीही माणसं रविवारी आली, ३८ चे ३८ रविवारी संध्याकाळी संपले. नंबर बदलला नाही. ५.८ तो ५.८ च राहिला. तेव्हा हा निर्णय आहे असं वाटलंच नाही कुणाला, पण सगळ्यात महाग पडला तो हाच.

नंबर न बदलल्याचा भुर्दंड

सोमवारी १३ तारखेला लॉग४जेचं २.१६.० आलं, कारण आधी आलेल्या २.१५.० मधली दुरुस्ती अर्धवट होती. त्या दुसऱ्या भोकाला आधी किरकोळ मार्क दिले होते, मग ते वाढवून ९ केले. १८ तारखेच्या सुमारास तिसऱ्या भोकासाठी २.१७.०. २८ ला २.१७.१. तीन आठवड्यांत चार रिलीज, आणि प्रत्येक वेळी ग्राहकांचे फोन, "आम्हाला २.१७ दिलंय का?" टीव्हीवर बातम्या आल्या होत्या, मालक लोक स्वतः विचारायला लागले.

आम्ही बसून वाचून ठरवलं की २.१७ च्या मागे धावायचं नाही. क्लास काढून टाकल्यावर पहिली दोन भोकं बंद होती, आणि तिसरं लागू व्हायला लॉगच्या फॉरमॅटमध्ये जी विशिष्ट रचना लागते ती आमच्या कॉन्फिगमध्ये नव्हतीच. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण तो सिद्ध करता येईना. एका ग्राहकाकडे त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं व्हेंडर ऑडिट आलं, त्या ऑडिटरने अशी भोकं शोधणारा स्कॅनर प्रोग्राम फिरवला, स्कॅनर फाईलचं नाव बघतो, नावात अजून २.११, झालं, लाल. ऑडिटरने साधा प्रश्न विचारला, "तुमच्या कोणत्या व्हर्जनमध्ये हे दुरुस्त आहे?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुरुस्त केलेला ५.१० आणि न केलेला ५.१० दोन्हींच्या अबाउट स्क्रीनवर, जिथे व्हर्जन दिसतं तिथे, एकच आकडा. कुणाला लावलं याची एकमेव नोंद सपोर्टच्या मुलाच्या डायरीत, टिकमार्कांनी, आणि त्यात दोन पानं चहाने चिकटलेली.

लिनक्स देणारे रेड हॅटवाले पण जुन्याच नंबरात दुरुस्ती घालतात, त्यांच्याकडेही स्कॅनर असेच खोटे लाल दाखवतात. पण ते शेवटी स्वतःच्या पॅकेजचा रिलीज नंबर वाढवतात आणि कोणत्या नंबरात काय बुजवलं याची यादी जाहीर ठेवतात. आम्ही अर्धाच भाग उचलला होता.

२९ जणांना काय सांगायचं

सोमवारी दुपारची मीटिंग फक्त याच विषयावर होती आणि आवाज चढले. सरांचं म्हणणं, "दुसरा टप्पा सुरू करतोय असं सांगा, उगाच घाबरवू नका." सेल्सही त्याच बाजूला. मी आणि सपोर्टची हेड म्हणत होतो की सरळ सांगू, आमच्या शीटमध्ये चूक होती, तुम्ही तीन दिवस उघडे होतात, सर्व्हर बाहेर उघडा असेल तर लॉग तपासून देतो.

तासभराने सर म्हणाले, "आधी लॉग बघा, मग ठरवू." मला ते तेव्हा वेळकाढूपणा वाटलं. पण लॉग बघितले म्हणून निर्णय सोपा झाला. बाहेर पोर्ट उघडे असलेल्या सर्व्हरांपैकी ७ ठिकाणी टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्ये यूआरएलच्या शेपटीला तीच ओळ चिकटलेली दिसली, कुणीतरी आंधळेपणाने सगळ्या जगाची दारं वाजवत फिरत होतं. त्या ७ मधले २ आमच्या गाळलेल्या २९ मधले. ॲक्सेस लॉग लॉग४जेमधून जात नाही, टॉमकॅट तो स्वतः लिहितो, त्यामुळे तिथे काही झालं नाही, आणि लॉगिनच्या चौकटीपर्यंत कुणी पोचल्याची खूण सापडली नाही. पण दार वाजलं होतं. हे बघितल्यावर "दुसरा टप्पा" म्हणायची सरांचीच इच्छा गेली. फोन त्यांनी स्वतः केले, २९ च्या २९.

एक ग्राहक चिडला आणि एप्रिलमध्ये एएमसी केली नाही. बाकीच्यांनी दोन शब्द सुनावले आणि पुढच्या वेळी फोन उचलले.

काय केलं: नंबर

जानेवारीत नंबरांची पद्धत नव्याने लावली. सेमँटिक व्हर्जनिंग सगळ्यांना माहीत असतं, गिटहबचा सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर याने लिहिलेले नियम, तीन आकडे, जुनं मोडलं तर पहिला वाढवा, नवीन आलं तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. पण ते नियम लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामरसाठी आहेत. "जुनं मोडलं" म्हणजे काय, हे आमच्या स्टोअरवाल्याला विचारलं तर तो सांगेल चलनाची ओळ सरकली की मोडलं. म्हणून आम्ही त्याच्या भाषेत लिहिलं. पहिला आकडा बदलला तर ट्रेनिंग लागेल. दुसरा बदलला तर स्क्रीनवर किंवा छापील कागदावर काहीतरी वेगळं दिसेल. तिसरा बदलला तर डोळ्याला काहीही वेगळं दिसणार नाही, डेटाबेसचं टेबल बदलणार नाही, आणि दहा मिनिटांत मागे जाता येईल.

तारखेवर नंबर ठेवायचा पर्यायही होता, उबुंटू लिनक्सचं २०.०४ म्हणजे २०२० चा एप्रिल, तसा. मला तो आवडला होता, सेल्सने हाणून पाडला, म्हणे ग्राहकाला लगेच कळेल की आपण दोन वर्षं जुन्यावर आहोत. मी म्हटलं, कळू दे की! पण तिथे हरले.

५.११ न काढता थेट ६.० वर उडी मारली, केवळ त्या ५.१-५.१० च्या चिखलातून बाहेर यायला. अबाउट स्क्रीनवर तीन आकडे आणि बिल्डची तारीख. शीट बंद, आता प्रत्येक सर्व्हर आठवड्यातून एकदा स्वतःचा नंबर आम्हाला कळवतो, ज्यांना ते नको त्यांचा नंबर सपोर्टवाले स्क्रीनचा फोटो मागवून भरतात. तुलना करायचा कोड आकड्यांना आकडे मानतो, आणि त्याच्या टेस्टमध्ये पहिलीच ओळ ५.९ आणि ५.१० ची आहे.

काय केलं: किती वेळा

हा वाद नंबरांपेक्षा मोठा झाला. माझं मत, दर महिन्याला. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देतंय, क्रोम तर त्याहून पळतं. सरांचं मत तिमाही, ओरॅकल तसंच करतं. सपोर्टच्या हेडने कागदावर गुणाकार केला. १२८ ग्राहक, प्रत्येकाला बॅकअप धरून ४५ मिनिटं, म्हणजे ९६ तास. तिच्याकडे माणसं तीन. महिन्यातला जवळजवळ पाऊण आठवडा तिन्ही माणसं फक्त पॅच लावणार, तेही समोरचा वेळेवर जागेवर असेल तर, आणि तो कधीच नसतो.

तरी मी महिन्याचा हट्ट धरला आणि मला तो दिला गेला. फेब्रुवारीत ६.०.१, मार्चमध्ये ६.०.२. फेब्रुवारीचं वाटून होईपर्यंत मार्चचं आलं, निम्म्या लोकांनी सरळ एक सोडून एक घेतलं, आणि सपोर्टचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मी पॅच लावायला नोकरीला लागलोय का?" मे महिन्यापासून तिमाही केलं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्यांचे छोटे रिलीज फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे ठरलेल्या गुरुवारी येतात, आम्ही त्यांच्या मागे दोन आठवडे असं कॅलेंडर बसवलं. वर्षाच्या चार तारखा ग्राहकाला जानेवारीतच कळवतो, तो त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवतो, खरंच ठेवतात, मी बघितलंय.

वारावरून मजा झाली. आम्ही ऑफिसात बसून मंगळवार ठरवला होता. भोसरीचा एक स्टोअर मॅनेजर म्हणाला, "ताई, मंगळवारी डिस्पॅच असतो. गुरुवारी करा, कंपनी बंद असते." गुरुवार ठरवला. पहिल्याच गुरुवारी अर्ध्या ठिकाणी रिमोट लागेना, कारण गुरुवारीच महावितरण मेंटेनन्सला लाईट बंद करतं. पुण्यात जन्म गेला, घरी गुरुवारी पाणी नसतं म्हणून बुधवारी रात्री बादल्या भरते, आणि हे डोक्यात आलं नाही! मग बुधवारी संध्याकाळी सहानंतर. काही बिघडलं तर निस्तरायला गुरुवारची लाईट आल्यानंतरची दुपार मिळते.

कॅलेंडरबाहेर कधी द्यायचं त्याचे तीन प्रश्न लिहून ठेवले. लॉगिन न करता बाहेरून करता येतं का? कुणी प्रत्यक्ष वापरतंय का? आणि आमच्या प्रॉडक्टमध्ये तिथपर्यंत पोचता येतं का? तिन्हींना हो असेल तर ७२ तासांत, आधी आमचा सर्व्हर, मग ओळखीचे तीन ग्राहक, मग वीस, मग सगळे.

पहिली परीक्षा ३१ मार्चला

स्प्रिंग नावाच्या जावा फ्रेमवर्कमधलं मोठं भोक जाहीर झालं ते ३१ मार्च २०२२ ला, गुरुवारी. ३१ मार्च! ज्या दिवशी अकाउंट्सवाल्याला कुणी हाक मारली तरी तो अंगावर येतो. आम्ही स्प्रिंग वापरतो, टॉमकॅटवर वॉर फाईल (प्रॉडक्टचं एकत्र गाठोडं) टाकतो, म्हणजे बातमीतल्या दोन अटी जुळत होत्या. बाहेर फिरत असलेल्या हल्ल्याला जावा ९ किंवा पुढचं लागत होतं, आमचं ८. रात्री साडेदहापर्यंत टेस्ट सर्व्हरवर ते करून बघितलं, लागलं नाही. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. रात्रीच एक चार ओळींचा मेसेज सगळ्यांना, तुमच्या व्हर्जनला सध्या लागू नाही, दुरुस्ती पुढच्या नियमित पॅचमध्ये, आज काही करू नका.

जुन्या जावावर अडकल्यामुळे वाचलो, यात मिरवण्यासारखं काही नाही. त्या काळात आमच्या इन्स्टॉलरमध्ये पोस्टग्रेस ९.६ होतं, ज्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२१ मध्येच संपला होता. ग्राहकांना अपडेट घ्या म्हणून ओरडणारे आम्ही. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आपणच मोडलेला नियम

ऑक्टोबर २०२२ पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा १० कोटींवर येणार होती, म्हणजे आमचे बरेच छोटे ग्राहक त्यात. ६.१ वेळेत होईना. सेल्सने गळ घातली की ऑगस्टच्या पॅचमध्ये घाला, सगळ्यांकडे जाणारच आहे. मी हो म्हटलं. क्यूआर कोड बिलावर आला आणि दोन ठिकाणी बिलाचं दुसरं पान सुरू झालं. टेम्पो उभे राहिले नाहीत, पण "तिसरा आकडा म्हणजे काही दिसणार नाही" हे आम्हीच लिहून दिलं होतं. नोव्हेंबरचा पॅच पहिल्या महिन्यात घेणाऱ्यांची संख्या ९० वरून ६० वर आली, आणि परत वर यायला तीन तिमाह्या गेल्या. आता सरकारी बदल दुसऱ्या आकड्यात जातात, पॅचला हात लावायचा नाही, मग सेल्सने कितीही डोकं आपटलं तरी.

आता असं झालं तर काय वेगळं करीन

शनिवारची बॅच फाईल लिहिताना अबाउट स्क्रीनची एक ओळ बदलायला मला वीस मिनिटं लागली असती. ती द्यायला हवी होती, ऑडिटचे तीन आठवडे वाचले असते. ३८ हा आकडा कमी वाटला तेव्हा थांबायला हवं होतं, आमच्या विक्रीच्या हिशेबाने ५.६ च्या पुढचे ६० च्या वर असणार हे सेल्सच्या माणसाने जागेवर सांगितलं असतं, त्याला विचारलंच नाही. महिन्याचा हट्टही चुकला, माझ्या डोळ्यासमोर डेव्हलपरचं काम होतं, लावणाऱ्याचं नव्हतं. शुक्रवारी दुपारीच पोर्ट उघडे असलेल्या तिसेक जणांना "रूटरमधला पोर्ट बंद करा" एवढा एक फोन करायचा होता, त्याला ना बॅच फाईल लागत होती ना व्हर्जनची शीट. उपाय हातात आल्याशिवाय ग्राहकाला तोंड दाखवायचं नाही, ही सवय नडली.

शीटमध्ये ५.१० च्या जागी "५.१०" असं अवतरणात लिहिलं असतं तर हे झालंच नसतं, असं सेल्सवाला अजून म्हणतो. झालं असतं, दुसरीकडे कुठेतरी.

४.३ वाले आता दोनच उरलेत. त्यातला भोसरीचा एक दर वेळी विचारतो, "ताई, तुमचं ते लॉग प्रकरण झालं तेव्हा आम्हाला काही लागलं का? नाही ना?" त्याच्याकडे लॉग४जे १.२ आहे, ज्याचा सपोर्ट ऑगस्ट २०१५ ला संपला. वाद घालत नाही. त्याच्या रूटरमधला पोर्ट बंद करून घेतलाय, आणि खंडेनवमीला मशीन पुजेसाठी बंद असतील तेव्हा त्याच दुपारी ६ वर आणायचं ठरलंय. हळदकुंकू लावायच्या आधी की नंतर, एवढंच राहिलंय.